दुभाष्या

दोन्ही वाक्यं मीच बोललो आहे, याच तोंडाने.
मंगळवारी, डॉक्टरांच्या सुईपुढे दंड धरून बसलेल्या पोराला:
"दुखचें ना रे, मुंगी चावल्यासारखं."
गुरुवारी कुर्तेलच्या मागल्या खोलीत,
पालमातोरीखाली तळवा पसरून उभ्या शाणू गावसाला:
"नाव सांग. सांगितलंस तर दुखचें ना."

पालमातोर म्हणजे लाकडी थापी, पाच भोकांची.
भोकं कशाला, मी विचारलं होतं.
"कातडी वर यायला," सार्जंट म्हणाला,
आणि मला विडी दिली.

तेनेंत क्विन्तेला वाईट माणूस नव्हता.
हे वाक्य वाळपईत आजही मोठ्याने म्हणता येत नाही,
म्हणून इथे लिहून ठेवतो.
आंबेशीच्या ओहोळावर त्याने साकव घातला,
स्वतः मांडीभर पाण्यात उभा राहून.
साखर वाटली, तापाच्या गोळ्या वाटल्या,
शाळेतल्या पोरींना रिबिनी.
त्याच्या वहीत मधोमध एक रेघ असे:
डावीकडे दिलेलं, उजवीकडे मारलेलं.
रात्री कंदिलाखाली दोन्हींची बेरीज करी.
डावी बाजू जड भरली की
घोरणं मला पडवीत ऐकू येई.

"मनं घ्यायची आहेत, मनं," तो म्हणे.
त्याच्या भाषेत किल्ला आणि मन
एकाच क्रियापदाने घेतात.
आमच्यात मन राखतात, मोडतात, धरतात,
कधी ते आपल्यालाच खातं.
मी "राखायला आलेत" असं सांगितलं
आणि माणसं एकमेकांकडे बघून
ओठांतल्या ओठांत हसली.
पंधरा दिवसांनी कळलं, का.

अवसेच्या सकाळी त्याच्या उंबऱ्यावर
केळीच्या पानात रोट, एक विडी, काजूच्या दारूची बाटली.
पुढल्या अवसेला पुन्हा.
"लोक आपणहून भेटी आणतात," त्याने पणजीला कळवलं.
मी पाहिलं होतं ठेवणाऱ्यांना:
ठेवून वळले ते मागे न बघता गेले.
शिवेवरच्या देवचाराला ठेवतात तसं,
त्याने घरात येऊ नये म्हणून.
मी तर्जुमा केला: भेट.

मग तांदूळ मोजायचा हुकूम आला.
सत्यवती माजिकच्या घरात तोंडं चार, भात सातांचा.
बाकीचा कुणाला?
"देवाक, कावळ्याक, वाटसराक."
मी तिघांची नावं सांगितली, त्याने तिन्ही लिहिली,
आणि दुसऱ्या दिवशी सार्जंट विचारत आला
वाटसरू कुठे राहतो.

रानातली पोरंही साकवावरूनच यायची जायची.
त्यांच्याकडे सुरुंग होता. तीन चौक्या उडाल्या,
साकव राहिला.
तेनेंत म्हणाला, बघ, गाव माझं झालं,
म्हणून त्यांना हात लावता येत नाही.
सार्जंट म्हणाला, बघा, गाव त्यांचंच आहे,
म्हणून ते हात लावत नाहीत.
मी दोघांच्या मधे उभा.
दोघांची भाषा एकच, दुभाष्याची गरज नव्हती,
तरी दोघेही माझ्याकडे बघत होते.

पणजीने सार्जंटचं ऐकलं.
साकव काढायला माणसं धरली, त्यांत शाणू,
ज्याने पोफळीचे ते खांब तासले होते.
हातांची बोटं मिटत नव्हती त्याची,
कोपरांनी दोर सोडत होता.
तेनेंत आला नाही.
वही उघडी घेऊन बसला होता, पेन रेघेवरच,
ना डावीकडे ना उजवीकडे.
"हे कुठे लिहू?" त्याने विचारलं.
मला त्याची भाषा येत होती.
मी समजलो नाही असं दाखवलं.

त्या अवसेला उंबऱ्यावर काही नव्हतं.
रोट नाही, विडी नाही. मुंग्या तेवढ्या
जुन्या वासाने फिरत होत्या.
"आज का नाही आले?"
"पाऊस," मी म्हटलं.

मार्गशीर्ष चालू होता.
भिंतीवरचं कॅलेंडर त्यालाही वाचता येत होतं.